महिन्याचे किती घ्यायचे?

नमस्कार मंडळी. आज स्टुडिओत यायच्या आधी रविवार पेठेत गेले होते, बोहरी आळीतून सोनेरी तार आणि थोडा गोटा घ्यायचा होता, पिशवी आत्ता इथंच पायाशी ठेवलीये. तर दुकानात एक ताई भेटल्या, त्या भरतकामाचे व्हिडिओ करतात, बघणारे बरेच आहेत, कमेंटही छान येतात, आणि आता त्यांना पैसे घेऊन मेंबरशिप सुरू करायचीये. सगळं ठरलंय, नाव ठरलंय, रंग ठरलाय, फक्त एका गोष्टीवर गाडी अडलीये, महिन्याचे किती घ्यायचे? मला म्हणाल्या, "४९ ठेवू का हो, जास्त ठेवले तर कोण येणार?" दुकानात धड बोलता आलं नाही, गर्दी होती, म्हणून जे त्यांना सांगायचं होतं ते आज सगळ्यांनाच सांगते, कारण हा प्रश्न क्रोशावाल्या, गोधडीवाल्या, क्विलिंगवाल्या, रुखवत करणाऱ्या, सगळ्या मैत्रिणींना पडतो.

मी स्वतः सुरुवात केली तेव्हा ४९च ठेवले होते. का, तर भीती वाटली. आपण घरात बसून करतो, हातानं करतो, त्याचे पैसे मागायची सवयच नसते आपल्याला, शेजारच्या मुलीला क्रोशा शिकवला तर फार तर कुणी एक डबा भरून चकल्या आणून देतं. तर ४९ रुपये, आणि त्यात कबूल काय केलं, महिन्याला ४ नवीन व्हिडिओ, दोन लाइव्ह, आणि कधीही काहीही विचारा. पहिले दोन महिने उत्साहात गेले, तिसऱ्या महिन्यात मुलाची परीक्षा आली, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, आणि रात्री १ वाजता मी एडिटिंग करत बसलेली, डोळे चुरचुरतायत, मान अवघडलीये, आणि मेंबर किती, तर ६०. तेव्हा पहिल्यांदा वही घेऊन बसले.

एक व्हिडिओ, म्हणजे बघणाऱ्याला १८ मिनिटांचा दिसतो तो, त्याला मला लागतात ११ तास. नमुना आधी एकदा स्वतः करून बघायचा, मग शूटिंगसाठी परत करायचा, आणि शूटिंग म्हणजे डायनिंग टेबलवर ट्रायपॉड आडवा लावून मोबाइल बरोबर हातांच्या वर, पंखा बंद कारण दोरा हलतो, खिडकी बंद कारण भाजीवाला येतो, कुकरची वेळ टाळायची, अंगठ्याची सावली टाक्यावर पडली की ते परत. मग कापाकापी, आवाज वेगळा भरायचा, नमुन्याचा कागद लिहून काढायचा. असे ११ तास. महिन्याला २ व्हिडिओ धरले तरी २२ झाले, दोन लाइव्ह मिळून ३ तास, आणि रोजचा अर्धा तास मेसेजना उत्तरं द्यायला, ते १५. बेरीज ४०.

आता ६० मेंबर गुणिले ४९, २९४० रुपये. पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या सेवेचे, साधारण २ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ७० रुपये गेले, सामान सुतासुयांचं ८०० रुपये, उरले २०७० च्या आसपास. भागिले ४०. तासाला ५२ रुपये. आणि हे २ व्हिडिओंचं गणित आहे हं, मी तर ४ करत होते. मला वाईट पैशाचं नाही वाटलं, वाईट याचं वाटलं की अशानं मी वर्षभरात हे बंद करणार आणि ज्या ६० जणींनी विश्वासानं पैसे भरलेत त्या मध्येच लटकणार.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की किंमत ठरवायच्या आधी कबुली ठरवा. आजारपणातही, घरात लग्न असतानाही, गौरी-गणपतीतही मी महिन्याला नक्की काय देऊ शकते, तेवढंच लिहायचं. मी आता २ व्हिडिओ आणि २ लाइव्ह म्हणते, आणि वर्षातला एक महिना सरळ सुट्टी जाहीर करते, तो महिना आमच्याकडे गणपतीचा, त्या महिन्याचे पैसे घेत नाही. लोकांना ते चालतं, अगदी व्यवस्थित चालतं, न सांगता गायब झालेलं चालत नाही.

आणि दुसरी गोष्ट मला कळायला फार वेळ लागला. लोक पैसे कशाचे देतात? व्हिडिओचे? अहो व्हिडिओ फुकट ढिगानं आहेत, कुठलाही टाका शोधा, शंभर जण दाखवतात. मला हे कळलं ते एका मावशींमुळे, लातूरकडच्या आहेत. रात्री साडेदहाला त्यांनी एक फोटो पाठवला, ताटावर झाकायचा गोल रुमाल विणत होत्या क्रोशानं, आणि सातव्या-आठव्या फेरीपासून त्याला फ्रॉकच्या घेरासारख्या चुण्या पडायला लागल्या, सपाट बसेचना. तीन दिवस उसवत होत्या बिचाऱ्या. मी फोटो मोठा करून मोजलं, खांबाचा, म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्याचा, गोल सपाट राहायला दर फेरीला साधारण १२ खांब वाढवावे लागतात, यांचे १८ वाढत होते. फोटोवर लाल गोल करून दाखवलं, इथं इथं दोन एकात घातलेत ते काढा, बास. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी रुमाल टेबलावर पसरलेला फोटो आला, एकदम सपाट, मध्ये वाटी ठेवलेली. त्या मावशी दोन वर्षं मेंबर आहेत आणि माझे निम्मे व्हिडिओ त्यांनी उघडलेलेही नाहीत, मी बघते ना, दिसतं ते. त्यांना हवंय ते एवढंच की अडलं तर विचारायला कुणीतरी आहे, आणि ते कुणीतरी वैतागत नाही.

हे एकदा लक्षात आलं की किंमत कशाची लावायची ते कळतं. व्हिडिओ एकदा केला की ६० जणी बघोत नाहीतर ६०० जणी, माझे तास तेवढेच. पण उत्तरं द्यायला मात्र माणूस वाढला की वेळ वाढतो. म्हणून स्वस्त ठेवून खूप मेंबर गोळा करणं हा मला आपल्यासारखीला चुकीचा रस्ता वाटतो, ते ज्यांच्याकडे उत्तरं द्यायला चार माणसं आहेत त्यांनी करावं. मी १९९ केले. निम्म्या सोडून जातील असं वाटलं होतं, ६० मधल्या ४० राहिल्या. करा हिशोब, ४० गुणिले १९९ म्हणजे ७९६०, गेटवे आणि सामान वजा करून ६९७० राहतात, तासाला १७४ रुपये. आणि माणसं कमी झाल्यामुळे उत्तरं नीट देता यायला लागली ते वेगळंच. आता हे १९९ तुम्ही जसेच्या तसे उचलू नका, तुमचे तास वेगळे, तुमचं सामान वेगळं, जरदोसी शिकवणारीचा खर्च कागदाची फुलं शिकवणारीपेक्षा कितीतरी जास्त. पण वही घेऊन बसा, तेवढं नक्की करा. आणि वाढवायचीच असेल किंमत तर दोन महिने आधी सांगा, जुन्यांना निदान वर्षभर जुनाच दर ठेवा.

आता पुण्यातल्या मंडळींना एक शब्द लगेच कळेल, खाडा. सदाशिव पेठेत मेस लावलेली असायची, महिन्याचे पैसे भरले, पण चार दिवस गावाला गेलो तर मेसवाल्या काकूंना आधी सांगून ठेवायचं, खाडा धरा, म्हणजे त्या दिवसांचे पैसे धरू नका. मला पहिल्यांदा एका मेंबरनी विचारलं, ताई मागच्या महिन्यात मी काहीच बघितलं नाही, खाडा धराल का, तेव्हा मला राग आला होता, म्हटलं व्हिडिओ काय पोळी-भाजी आहे का, तुमच्यासाठी तसाच तर आहे तिथं. मग विचार केला की तिचं बरोबर आहे, तिला ती मदत मिळालीच नाही. तेव्हापासून माझ्याकडे वर्षाला २ खाडे आहेत. आधी सांगितलं तर एक महिना पुढे ढकलते. तुम्हाला सांगते, या एका गोष्टीनं जेवढ्या जणी टिकल्या तेवढ्या कुठल्याही डिस्काउंटनं टिकल्या नाहीत, कारण ज्या बाईला बंद करायचं होतं ती थांबते आणि परत येते.

वर्षाचे १९९९ ठेवलेत, म्हणजे साधारण दहा महिन्यांचे पैसे. आपल्याकडे मासिकाची वार्षिक वर्गणी भरायची सवय जुनी आहे, दर महिन्याला आपोआप पैसे कापले जाणं अनेकींना नको वाटतं, आणि ते साहजिक आहे. यूपीआय ऑटोपे २०२० पासून आहे, १५ हजारापर्यंतच्या रकमेला दर वेळी पिन टाकावा लागत नाही, पण पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज जायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. काही जणी या मेसेजला घाबरतात, म्हणतात तो आला की लोक बंद करतात. मी उलट त्याच्या दोन दिवस आधी स्वतःच एक मेसेज टाकते, या महिन्यात काय काय झालं, पुढच्या महिन्यात काय आहे. जिला बंद करायचंय तिनं आनंदानं करावं, विसरून राहिलेल्या मेंबरच्या पैशावर माझं काम चालावं असं मला वाटत नाही.

कुठून विकायचं हे पटकन सांगते. यूट्यूबवरच मेंबरशिप दिली तर सोपं पडतं, पण कर वगैरे वजा करून जे उरतं त्यातले ७० टक्के आपल्याला मिळतात. स्वतःच्या वेबसाइटवर गेटवे लावला तर हातात जास्त पडतं, पण कोण आलं कोण गेलं हे सगळं तुम्हीच सांभाळायचं. मधे मी एका अ‍ॅपवर होते, नाव घेत नाही, तिथून निघायचं ठरवलं तर माझ्याच मेंबरचे फोन नंबर मला मिळेनात, सगळ्यांना शोधून शोधून परत जोडावं लागलं, नऊ जणी आजतागायत सापडल्या नाहीत, आणि त्यांचे पैसे भरलेले होते, ते मला अजून खुपतं. म्हणून कुठेही जा, मेंबरची यादी स्वतःच्या वहीत पहिल्या दिवसापासून ठेवा, अर्थात त्यांना विचारून. जीएसटीचं म्हणाल तर आपल्या राज्यात सेवेला वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नाही, पण इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये हे उत्पन्न दाखवायचं, लपवायचं नाही. आणि दुसऱ्याचा नमुना स्वतःचा म्हणून विकू नका, कार्टूनमधल्या बाहुल्या तर अजिबातच नको.

सगळ्याच गोष्टी मेंबरशिपमध्ये घालू नका हेही सांगायचंय. क्रोशा, भरतकाम, गोधडी, यात माणूस वर्षानुवर्षं शिकत राहतं, त्याला महिन्याची वर्गणी शोभते. पण हलव्याचे दागिने, आकाशकंदील, गौरीची सजावट, हे सणापुरतं असतं. नव्या सुनेला हलव्याचा साज करायचाय किंवा बाळाचं बोरन्हाण आहे, त्या बाईला फक्त तेवढंच शिकायचंय, तिला बारा महिन्यांची मेंबरशिप गळ्यात मारणं बरं नाही. माझा हलव्याच्या दागिन्यांचा कोर्स वेगळा आहे, एकदाच ४९९ रुपये, मुकुट, बासरी, हार, बाजूबंद, सगळं. त्यातल्या काही जणी मग क्रोशाला येतात, आपणहून येतात.

आणि सणाचं काही शिकवायचं तर आधीपासून तयारी लागते. संक्रांत जानेवारीत, पण दागिने करायला बायका डिसेंबरात बसतात, म्हणजे व्हिडिओ नोव्हेंबरअखेर तयार हवा, म्हणजे शूटिंग ऑक्टोबरात. आणि ऑक्टोबरात बाजारात चांगला काटेरी हलवा शोधून सापडत नाही. पहिल्या वर्षी मी तिथंच फसले, ऐन डिसेंबरात घाईघाईत शूट केलं, आणि दोऱ्याचा फास दाण्याभोवती कसा बसवायचा, किती ओढायचा म्हणजे काटा मोडत नाही, हा जो सगळ्यात महत्त्वाचा भाग, तोच नीट दिसला नाही, तीस-चाळीस जणींनी तेच परत विचारलं. आता संक्रांतीला हलवा आणला की त्यातला पाव किलो घट्ट झाकणाच्या डब्यात भरून कपाटात वर ठेवते, पावसाळ्याची हवा लागू देत नाही, आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय की तो डबा दसऱ्यापर्यंत कुणी उघडायचा नाही.