पत्त्यांशिवायचा डाव

श्रोतेहो, नमस्कार. सुरुवातीच्या छोट्या विनोदी चित्रपटांत कोण दिसायचं, आणि कसं दाखवलं जायचं, असा आजचा विषय. पण खरं सांगू? मला एकाच माणसाची गोष्ट सांगायची आहे. बर्ट विल्यम्स.

जन्म 1874 चा, बहामा बेटांवरच्या नासाऊचा. पुढे अमेरिकेत नावाजलेला विनोदी नट. वंशाने काळा, पण अंगाचा रंग तसा उजळच. आणि हा गृहस्थ रंगमंचावर येण्याआधी जळकं बूच उगाळून तोंडाला फासायचा. आजी काजळ धरायची ना, तसलंच काळं. फक्त डोळ्यांपुरतं नाही, अख्ख्या चेहऱ्यावर. गोऱ्या नटांनी तोंड काळं करून काळ्या माणसांची नक्कल करायची, ही तिथली जुनी रीत. प्रेक्षकांना तीच सवय. मग खऱ्या काळ्या नटालाही तीच नक्कल करावी लागे. पुन्हा सांगतो, स्वतःच्याच माणसांची नक्कल.

तर 1916 ची बायोग्राफ कंपनीची 'अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर'. जुगाराच्या नादाने आपला बर्ट शेवटी तुरुंगात जातो. कोठडीत एकटाच. जवळ पत्ते नाहीत, भिडू नाहीत, पैसे तर नाहीतच. पण गौरी-गणपतीच्या जागरणाला ज्याने पत्ते कुटलेत त्याला कळेल, हात कसे वळवळतात ते! हा बसतो आणि हवेतच पत्ते पिसतो. हवेतच वाटतो. स्वतःची पानं उचलतो, जपून बघतो, आणि चेहरा खुलतो! मग समोरच्या रिकाम्या जागेकडे असा बघतो, की तिथे कुणीतरी बसलंय अशी आपलीच खात्री पटते.

मी हे घरी पाहत होतो. मूकपट, त्यामुळे आवाज नाहीच. आई मागे लसूण सोलत बसली होती. चष्मा कपाळावर. थोड्या वेळाने तिने विचारलं, "हरला का रे?"

हरला होता! स्वतःच मांडलेला, मनातला डाव, आणि त्यातही हरला. पाटी नाही, संवाद नाही, हातात एक पान नाही, आणि लसूण सोलणाऱ्या बाईला कळलं हरला ते. नाहीतर आताच्या मोबाइलवरच्या विनोदांत आधीच कुणीतरी हसून दाखवतं. आम्हाला हसता येत नाही की काय? असो.

बरं, आपणही काही फार पुढे नव्हतो. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. बाईच मिळेना.

त्याच 1913 साली बर्टने आणखी एक चित्रपट केला होता, जवळजवळ सगळे नट काळे. तो पुरा झालाच नाही. रिळं 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे आली आणि लोकांसमोर आली ती थेट 2014 मध्ये. बूच फक्त बर्टच्या तोंडाला. बाकीचे आपापल्या चेहऱ्याने नाचतात, मेरी-गो-राउंडवर बसतात. बर्ट आपल्या नायिकेचा मुकाही घेतो. आणि कापाकापी झालेलीच नसल्यामुळे दोन शॉटच्या मधलंही शिल्लक आहे: काळे नट, गोरे तंत्रज्ञ, सगळे एकत्र उभे, पुढच्या शॉटची वाट पाहत.