रुईवरचा नाकतोडा

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय रुईवरच्या नाकतोड्याबद्दल. रुई तुम्हाला माहीत आहेच, शनिवारी मारुतीला हिच्याच पानांची माळ घालतात. माळरान, रस्त्याची कड, पडीक जागा. जिथं रुई, तिथं हा नाकतोडा शोधायचा. हल्ली जागा साफ करायला घेतली की पहिली रुई उपटतात आणि तिथं विलायती हिरवळ लावतात. मला हे मुळीच पटत नाही. त्या हिरवळीला रोज पाणी द्यावं लागतं. रुईला कधी कुणी पाणी घातलंय?

असो. अंगावर निळे आणि पिवळेजर्द पट्टे, वरचे पंख हिरवट, त्यांवर पिवळे ठिपके. उडाला की आतले लालसर पंख दिसतात. आणि मिशा आखूड. केसासारख्या लांबलचक मिशा दिसल्या, तर तो रातकिड्याच्या गोतातला. याच्या मिशा आखूड, हे लक्षात ठेवा.

माझी आठ वर्षांची भाची एकदा रुईपाशी बसली होती. पानावर एक पिवळसर किडा होता, काळ्या रेघांचा, बारीक लाल ठिपक्यांचा. पंख नव्हतेच. तिनं दोन बोटांत हलकेच धरला आणि किंचाळली, "मामा, यानं माझ्यावर पिचकारी मारली!" बोटावर दुधट, चिकट थेंब. मी म्हटलं, रुईचा चीक लागला असेल. "नाही मामा, पाठीतून उडालं!" मग मी स्वतः धरून पाहिलं. डोक्याकडे दाबलं, तर धार डोक्याच्या दिशेनं आली. मागं दाबलं, तर मागं! चांगली दोन-तीन बोटं लांब. पाठीवर, पोटाच्या पहिल्या दोन वळ्यांमध्ये, एक बारीक भोक असतं, तिथून ती धार सुटते. रुईतलं विष हा खातो, अंगात साठवतो आणि त्रास देणाऱ्यावर नेमकं तेच उडवतो. पोरीचं खरं होतं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो अजून टिकून आहे.

हे त्याचं पिल्लू होतं. पंख नाहीत, अंगावर ठिपके, म्हणजे पिल्लू. मोठा नाकतोडाही आम्ही धरून पाहिला, पण त्याची धार उडाली नाही, पंखांखालून अंगाच्या कडेला नुसता फेस जमला. पाहायला जाल तेव्हा हात डोळ्यांना लावू नका, आधी साबणानं धुवा.