टीपकागदातनं गाळलेली कॉफी

नमस्कार मंडळी! घरी कॉफी करायच्या पद्धती ढीगभर आहेत, पण फरक मुख्यतः दोन गोष्टींनी पडतो, पूड पाण्यात किती वेळ राहते आणि तुम्ही ती गाळता कशातनं. परत सांगतो, किती वेळ आणि कशातनं.

आता गाळण्यावरनं एक गोष्ट सांगतोच, माझी फार लाडकी आहे. साल १९०८, जर्मनीतलं ड्रेस्डेन, मेलिटा बेंट्झ नावाची गृहिणी. तेव्हा पूड उकळायची नाहीतर कापडातनं गाळायची, म्हणजे कपात गाळ, चव कडू आणि ते कापड धुता धुता जीव नकोसा व्हायचा. या बाईनं काय करावं? पितळेचं भांडं घेतलं, खिळ्यानं बुडाला भोकं पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद काढून आत बसवला, त्यावर पूड घातली आणि वरनं गरम पाणी सोडलं. खाली थेंब थेंब नितळ कॉफी, गाळ सगळा वर, आणि कागद सरळ फेकून द्यायचा! जूनमध्ये पेटंट ऑफिसात नोंद झाली, डिसेंबरात कंपनी निघाली, भांडवल किती, तर ७३ फेनिग, म्हणजे जर्मनीचे पैसे, शंभराचा एक मार्क, तर एक मार्कसुद्धा नाही! पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या जत्रेत १,२०० फिल्टर विकले गेले. शाळेच्या पुस्तकात वाफेचं इंजिन असतं तसा हा कागदही असायला हवा, माझं ठाम मत आहे, स्वयंपाकघरात लागलेला शोध आपण शोधांत धरतच नाही.

असो. तर कागद गाळ अडवतो तसं कॉफीतलं तेलही अडवतो, म्हणून कोलेस्टेरॉलवाल्यांनी कागदातनं गाळलेलीच प्यावी. १५ ग्रॅम मध्यम पूड, २५० मिली पाणी, उकळी बसल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता.

फ्रेंच प्रेस म्हणजे पूड पाण्यात भिजवून दांड्यानं जाळी खाली दाबायचं भांडं, त्याची जाळी धातूची, तेल कपात उतरतं, म्हणून ती दाट लागते. पूड भरड हवी, भरड बरं का, आणि चार मिनिटं. बारीक घातलीत की दांडा खाली जायला मागत नाही आणि तोंडात चिखल येतो.

मोका पॉट म्हणजे शेगडीवर ठेवायचं दोन मजली भांडं, त्यात वाफ खालचं पाणी पुडीतनं वर ढकलते, पूड जरा बारीक लागते पण चमच्यानं दाबू नका, आच मंद ठेवा, गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा, नाहीतर करपट लागते.

आणि महागडं मशीन बघत असाल तर आधी चांगला ग्राइंडर घ्या, ताजी दळलेली पूड यातल्या प्रत्येक भांड्यात उपयोगी पडते.