शिंगांमधून दर्शन

ठाण्यातली तलावपाळी. अजून उजाडायचंय. मासुंदा तलावाच्या काळ्या पाण्यात दिवे थरथरतायत. जांभळी नाक्यावर झेंडूच्या पाट्या उतरतायत, बेलाच्या जुड्या बांधल्या जातायत.

हा कौपिनेश्वर. 1760 मध्ये सरसुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी हे मंदिर बांधलं. 1879 मध्ये लोकवर्गणीतून ते वाढवलं गेलं. पहिल्यांदा आत येणारा माणूस क्षणभर थबकतोच. पिंडी 4 फुटांहून उंच, घेर सुमारे 12 फुटांचा. कवेत मावत नाही.

आपण मात्र रोजचे. लोकल गाठायच्या घाईत रस्त्यावरूनच हात छातीला लावतो. नमस्कार पोहोचत असेलही. आपण पोहोचत नाही.

आता हे दुसरं शिवमंदिर. ठाण्यातलंच, गल्लीतलं. इथली पिंडी ओंजळीएवढी. पण या आजींकडे बघा.

पायरीला हात, हात कपाळाला. घंटा एकदाच, हलकेच. मग त्या नंदीच्या उजव्या अंगाला बसतात. डावा हात त्याच्या वृषणावर. उजव्या हाताची तर्जनी एका शिंगावर, अंगठा दुसऱ्यावर. मधल्या जागेतून पिंडी पाहायची. हे शृंगदर्शन. देवापुढे एकदम जाऊन उभं राहायचं नाही. त्याचं तेज आधी एवढ्याशा फटीतून झेलायचं. डोळ्यांना नम्र करणारी इतकी देखणी रीत मी दुसरी पाहिली नाही.

प्रदक्षिणाही अर्धीच. अभिषेकाचं पाणी जिथून वाहतं ती पन्हळ ओलांडायची नाही. तिथवर जायचं, आल्या वाटेनं परतायचं.

गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुनाच्या अंगावर काटा येतो. मग त्याला आठवते आपली सलगी. अरे कृष्णा, अरे यादवा, अरे सख्या अशा हाका; बसता-जेवताना केलेली थट्टा. तो क्षमा मागतो. देव इतके दिवस बरोबरच होता, पाहिला मात्र आज.

(इथे निवेदन नाही. फक्त अभिषेकाच्या धारेचा आवाज.)

आजींचे गुडघे दुखतात ते दुखतातच. बोलणं मवाळ झालंय, असं सूनबाई सांगतात.

उजाडलं. बाहेर रिक्षा सुरू झाल्या. आजी निघतात. उंबरठ्यापर्यंत त्या देवाकडे पाठ करत नाहीत; एका हाताने भिंत चाचपत, एकेक पाऊल मागे.