फिनिक्स: जानेवारीत बघायचं शहर, जुलैत राहायचं शहर

[दृश्य: जानेवारीतली सकाळ. अंगणात संत्र्यांनी लगडलेली झाडं, मागे तांबूस डोंगर.]

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याची राजधानी, फिनिक्स. जानेवारीतली दुपार, तापमान 20 अंशांच्या आसपास. आकाशात ढगाचा ठिपका नाही. मिनेसोटाहून, इलिनॉयहून, कॅनडातून निवृत्त माणसं बर्फ टाळायला इथे येऊन राहिली आहेत. त्यांना इथे 'स्नोबर्ड' म्हणतात. घराघरांच्या अंगणात संत्री आणि ग्रेपफ्रूट पिकलेत. कॅमलबॅक डोंगराच्या पायवाटेवर चढणाऱ्यांची रांग लागली आहे.

अशा दिवसांत कुणी नोकरीच्या मुलाखतीला इथे आलं, तर विमानतळावर परत जाईपर्यंत त्याचं मन बरंचसं ठरलेलं असतं. हे निवेदन त्याच्यासाठी आहे. फिनिक्सला जाऊ नका असं आम्हाला सांगायचं नाही. पण निर्णय घ्यायचा तर या शहराचा दुसरा अर्धा भागही डोळ्यांसमोर हवा.

[दृश्य: चँडलरमधले कारखाने, पार्किंगमधल्या शेकडो गाड्या]

आधी, माणसं इथे येतात कशासाठी? फिनिक्सच्या आग्नेयेला लागून असलेल्या चँडलरमध्ये इंटेल 1980 पासून चिप बनवते आहे. 2020 मध्ये तैवानच्या टीएसएमसीने फिनिक्सच्या उत्तरेला कारखाना उभारायची घोषणा केली आणि 2024 च्या अखेरीस तिथे उत्पादन सुरूही झालं. त्या कंपनीने जाहीर केलेल्या गुंतवणुकीचा आकडा 2025 मध्ये 165 अब्ज डॉलरवर गेला. शेजारच्या टेंपीमध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटी आहे, तिथे एमएस करून इथेच रुळलेली मराठी मुलं कमी नाहीत. राज्याचा प्राप्तिकर 2023 पासून सरसकट अडीच टक्के आहे. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात ज्या पैशात छोटा फ्लॅट मिळायचा, त्यात इथे अंगणासकट बंगला बघता येतो. किराणा दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, दक्षिणेला मॅरिकोपा गावात गणपतीचं मोठं मंदिर आहे.

आणखी एक सोय इथे राहू लागल्यावरच ध्यानात येते. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे सरकवायची अमेरिकेतली पद्धत ॲरिझोनाने 1968 मध्ये सोडून दिली. ज्या गावात लोक सूर्य मावळायची वाट बघतात, तिथे संध्याकाळचा उजेड वाढवून हवा कुणाला? त्यामुळे भारताशी असलेलं साडेबारा तासांचं अंतर बाराही महिने कायम राहतं. इथे सकाळचे सात, पुण्यात संध्याकाळचे साडेसात. आईला रोजचा फोन करणाऱ्याला याची किंमत कळेल.

[दृश्य: जुलै. भर दुपारी रिकामा रस्ता, डांबरावरून उठणारी झळ.]

आता उन्हाळा.

विदर्भातला माणूस इथे म्हणेल, "उन्हाचं आम्हाला काय सांगता?" त्याचं बरोबरही आहे. नागपूर, अकोला, चंद्रपूर मे महिन्यात 45 अंश बघतात. दुपट्टा बांधून, खिशात कांदा ठेवून, कूलरच्या वाळ्यावर पाणी मारून ती माणसं मे काढतात. पण विदर्भाच्या उन्हाला एक शेवट असतो. जूनच्या मध्यावर पाऊस येतो आणि आठवड्याभरात हवा बदलते. फिनिक्समध्ये मे महिन्यात सुरुवात होते आणि ऑक्टोबर उजाडला तरी दुपार तापलेलीच असते. वर्षभराचा पाऊस 200 मिलिमीटरही भरत नाही. जुलै-ऑगस्टमधल्या वादळी सरींना इथेही 'मान्सून'च म्हणतात, पण पावसाच्या आधी धुळीची भिंत येते. 5 जुलै 2011 ला आलेल्या अशाच एका भिंतीने अख्खं शहर गिळलं होतं.

2023 मध्ये 30 जून ते 30 जुलै असे सलग 31 दिवस इथलं कमाल तापमान 43 अंशांच्या वर राहिलं. पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, असे एकूण 70 दिवस झाले. आजवरचा उच्चांक 26 जून 1990 चा आहे, 50 अंश. त्या दिवशी काही विमानांची उड्डाणं थांबवावी लागली होती.

दिवसाचे आकडे बातम्यांत येतात. आमच्या मते नजर रात्रीच्या आकड्यांवर हवी.

[दृश्य: रात्री दोन वाजता शहर. एसीच्या यंत्रांचा आवाज.]

वाळवंटात रात्री गारवा पडतो असं आपण शाळेत शिकलो. उघड्या वाळवंटात तो पडतोही. पण इथे मैलोन् मैल डांबर आणि काँक्रीट पसरलेलं आहे. ते दिवसभर उष्णता पितं आणि रात्रभर सोडत राहतं. 19 जुलै 2023 ला फिनिक्सचं किमान तापमान 36 अंश होतं. हे कमाल नव्हे, किमान. त्या महिन्यात ओळीने सोळा रात्री पारा 32 च्या खाली आला नाही. माणसाचं शरीर दिवसाचा ताण रात्रीच्या गारव्यात भरून काढतं. तो गारवाच मिळाला नाही की दुसरा दिवस कालच्या थकव्यावर चढतो. हात वर केल्यासारखे उभे असणारे सग्वारो निवडुंग या वाळवंटाचेच रहिवासी, तेसुद्धा त्या उन्हाळ्यात मोडून पडले. हे झाड रात्री पर्णरंध्रं उघडून श्वास घेतं, आणि रात्रीच त्याला गारवा मिळाला नाही.

म्हणून इथलं जगणं यंत्रावर उभं आहे. गार घर, गार गाडी, गार ऑफिस. ही साखळी जोडलेली असेल तर जुलैही निभतो. ज्याच्याकडे चांगला पगार, नीट चालणारा एसी आणि सावलीत उभी करता येणारी गाडी आहे, त्याच्या वाट्याला येणारं ऊन म्हणजे पार्किंगपासून दारापर्यंतचं. कित्येक सुखवस्तू घरांना उन्हाळा विजेच्या बिलात आणि दोन-तीन वर्षांत दम तोडणाऱ्या गाडीच्या बॅटरीत भेटतो.

आणि ज्याची साखळी तुटलेली आहे, त्याचं काय? मॅरिकोपा काउंटी, म्हणजे फिनिक्स आणि भोवतालचा परिसर, उष्णतेमुळे झालेल्या मृत्यूंची कसून नोंद ठेवते. 2023 मध्ये ही संख्या 645 होती. त्यातले निम्म्याच्या जवळपास लोक बेघर होते. घरात दगावलेल्यांपैकी अनेकांच्या घरी एसी होता, पण बिघडलेला, नाहीतर बंद. तापलेल्या डांबरावर पडून भाजलेली माणसं दर उन्हाळ्यात इथल्या जळीत विभागात येतात. ते डांबर सत्तर अंशांच्या पुढे जातं. चक्कर येऊन पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठता आलं नाही, तर काही मिनिटांत कातडी जळते.

शहर हातावर हात ठेवून बसलेलं नाही, हेही सांगायला हवं. 2021 मध्ये फिनिक्सने उष्णतेसाठी महापालिकेचं स्वतंत्र कार्यालय काढलं. भाड्याच्या घरात एसी असेल तर तो खोली 28 अंशांपर्यंत गार करू शकला पाहिजे असा शहराचा नियम आहे. घरमालकाशी बोलताना तो पाठ असू द्या. 2018 मध्ये थकलेल्या बिलापायी वीज तोडली गेली आणि एका वृद्ध बाईंचा जीव गेला. त्यानंतर मोठ्या वीज कंपन्यांना ऐन उन्हाळ्यात थकबाकीसाठी वीज तोडायला मनाई झाली. पण एक प्रश्न उरतोच. ऐन लाटेत सगळ्या शहराची वीज गेली तर? 2023 मध्ये संशोधकांनी याचं गणित मांडलं. उष्णतेची लाट आणि दोन दिवसांचा अंधार एकत्र आले, तर फिनिक्समधल्या जवळपास निम्म्या लोकांना तातडीच्या उपचारांची गरज पडेल, असं त्यांच्या अभ्यासात निघालं. असं घडलेलं नाही. तरीही घर घेताना सोलर पॅनेल आणि बॅटरीचा खर्च धरून चालावं, असं आम्हाला वाटतं.

[दृश्य: वाळवंटातून जाणारा सरळ, निळा कालवा]

घर घ्यायचा विचार आला की पाण्याचा विचार आलाच.

हे शहर कालव्यांवर जन्मलं. हजार वर्षांपूर्वी इथे होहोकम लोकांनी साध्या हत्यारांनी शेकडो मैलांचे कालवे खणले होते. 1867 च्या सुमारास जॅक स्विलिंग नावाच्या माणसाने त्यांच्याच मार्गांवरून पाणी पुन्हा खेळवलं आणि वसाहत उभी राहिली. होहोकमांचे वंशज असलेल्या ओदम लोकांचं नदीचं पाणी मात्र वरच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी वळवलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारी ती माणसं उपासमारीला लागली. त्यांचा पाण्यावरचा हक्क कायद्याने मार्गी लागायला 2004 उजाडलं.

आज फिनिक्सला सॉल्ट आणि व्हर्डे या जवळच्या नद्यांचं पाणी मिळतं, आणि दुसरा मोठा वाटा कोलोरॅडो नदीचा. हे पाणी 540 किलोमीटर लांबीच्या कालव्याने, वाटेत पंपांनी उचलत उचलत, वाळवंट ओलांडून आणलेलं आहे. कालवा मंजूर करून घेताना, 1968 मध्ये, ॲरिझोनाने एक अट मान्य केली: टंचाई आली तर कपात आधी आमची, कॅलिफोर्नियाची नंतर. ती टंचाई आली. ऑगस्ट 2021 मध्ये पहिल्यांदा अधिकृत घोषणा झाली आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाचा हिस्सा 18 टक्क्यांनी घटला. घाव मुख्यतः शेजारच्या पायनल काउंटीतल्या शेतकऱ्यांवर बसला. शहरातले नळ चालू राहिले. नदीच्या वाटपाचे 2007 चे नियम 2026 अखेर संपतात, आणि नव्या वाटपासाठी सात राज्यांची ओढाताण चालते.

म्हणजे फिनिक्स कोरडं पडणार का? शहराच्या मुख्य भागाबद्दल इतकी भीती आम्हाला वाटत नाही. इथल्या लोकांनी पाणी जपायला आपल्या कितीतरी शहरांच्या आधी सुरुवात केली. पालो व्हर्डेचं अणुवीज केंद्र तर शहराचं सांडपाणी शुद्ध करून त्यावरच थंड ठेवलं जातं. धोका आहे तो कडेच्या, स्वस्त, नव्या वसाहतींना. 1980 च्या कायद्याप्रमाणे नव्या वसाहतीला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. जून 2023 मध्ये राज्याने जाहीर केलं, की फिनिक्सभोवती केवळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना ही परवानगी मिळणार नाही. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, स्कॉट्सडेलबाहेरच्या रिओ व्हर्डे फूटहिल्समधल्या शेकडो घरांचं टँकरचं पाणी शेजारच्या शहराने बंद केलं होतं. मराठवाड्यातल्या माणसाला हे चित्र नवं नाही, फक्त घरं लाखो डॉलरची. तेव्हा स्वयंपाकघरातला ग्रॅनाइट बघण्याआधी विचारा: या घराला पाणी कोण देतं, आणि ते त्याला कुठून मिळतं?

[दृश्य: धुळीचा लोट, मग दवाखान्याची पाटी]

प्रकृतीबद्दलही थोडं. इथल्या मातीत एक बुरशी असते, ती धुळीबरोबर फुप्फुसात जाते आणि व्हॅली फीवर होतो. बहुतेकांना तो कळतही नाही, काहींना महिनोन् महिने खोकला, ताप, थकवा पिडतो. मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी जास्त जपायचं. खोकला हटला नाही तर डॉक्टरांकडे व्हॅली फीवरच्या तपासणीचं नाव आपणच काढावं.

[दृश्य: सकाळी सहाची बाग, फिरणारी कुटुंबं]

मुलांचं आयुष्य इथे उलटं चालतं. चँडलरच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धातच उघडतात. उन्हाळी खेळ पहाटे नाहीतर पोहण्याच्या तलावात. गणपती ऐन तापात येतात. दिवाळी आली की मात्र शहर घराबाहेर पडतं आणि एप्रिलपर्यंत आत यायला तयार होत नाही. तीन तासांच्या आत फ्लॅगस्टाफची पाइनची जंगलं आहेत, समुद्रसपाटीपासून जवळजवळ सात हजार फुटांवर, हिवाळ्यात बर्फ पडणारी. पुढे ग्रँड कॅन्यन. डोंगर-दऱ्यांची ओढ असलेल्या घराला इथले सहा महिने फार देऊन जातात.

प्रश्न येतो तो आईवडिलांचा. आपल्याकडची बहुतेक आजी-आजोबा मंडळी एप्रिल-मेमध्ये अमेरिकेला येतात आणि सहा महिने राहतात. इथे तेच नेमके कोंडून राहायचे महिने. मुलगा-सून ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि गाडी चालवता न येणारे दोघं काचेच्या दाराआड. सकाळी फिरायला जाण्याची पन्नास वर्षांची सवय पहिल्याच आठवड्यात मोडते. म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा लागते, रक्तदाबाची काही औषधं उष्णतेत त्रास देतात, हे वेगळंच. ज्यांना आईवडिलांना कायमचं जवळ आणायचं आहे त्यांनी इथे घर घेण्याआधी फार विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाहुणे म्हणून आणायचं असेल तर तिकीट नोव्हेंबरचं काढा, परतीचं एप्रिलचं.

ऑफर हातात असेल आणि तुम्ही तिशीत असाल, तर यायला हरकत नाही. फक्त पहिलं वर्ष भाड्याने राहा. सही करण्याआधी जमलं तर ऑगस्टमध्ये चार दिवस येऊन जा, दुपारी चार वाजता ते घर बघा आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. एसी किती वर्षांचा आहे ते विचारा, विजेची मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा. रात्री अकराला बाहेर पडून एक चक्कर मारा, सगळ्या कुटुंबाला घेऊन.