गेटपास कुणाच्या नावाचा?

(जयगड धक्का. फेरीबोट सुटते. इंजिनाचा आवाज हळूहळू मागे पडतो.)

तवसाळला जाणारी फेरीबोट शास्त्रीच्या खाडीत आली की जयगडकडे एकदा वळून बघा. औष्णिक वीज प्रकल्पाची चिमणी दिसते. ३०० मेगावॅटचे चार संच. कोळसा जहाजानं येतो, बंदरात उतरतो आणि जळून तारांमधून घाटापार जातो. राख तेवढी इथं राहते.

भारतानं २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०७० पर्यंत 'निव्वळ शून्य' उत्सर्जनाचा शब्द दिला. म्हणजे अशा चिमण्या कधीतरी थंड होणार. मग त्यांच्यावर पोट असलेल्यांचं काय? हा प्रश्न पर्यावरणवाल्यांच्याही आधी कामगार संघटनांनी विचारला. अमेरिकेतल्या तेल आणि रसायन कामगारांचे पुढारी टोनी मॅझोकी म्हणत, विषारी जमीन साफ करायला निधी काढता, तसा माणसांसाठीही काढा. २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या प्रास्ताविकात कामगारांसाठीचं 'न्याय्य संक्रमण' आलं, म्हणजे कोळसा-तेल सोडताना त्यावर जगणाऱ्यांना वाऱ्यावर न सोडणं. २०१८ मध्ये स्पेननं कोळसा खाणी बंद करताना आधी युनियनशी करार केला: वय झालेल्यांना लवकर निवृत्ती, तरुणांना नवं प्रशिक्षण, खाणींच्या भागासाठी २५ कोटी युरो.

संक्रमण म्हटलं की आपल्याला आधी संक्रांत आठवते. आणि पोटावर संक्रांत आली की काय होतं, ते कोकणाला वेगळं सांगायला नको.

(जुन्या घराची पडवी. पत्र्याची ट्रंक.)

१८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले कितीतरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. गावाकडचं घर मनिऑर्डरवर चालायचं. भातशेती होती, पण ती चार-सहा महिन्यांची. संप फिसकटला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. चाकरमानी गणपतीला यायचा तो कायमचाच आला. त्याला दुसरं काय येतं, हे कुणी विचारलं नाही.

माझ्या आजोबांची ट्रंक अजून माळ्यावर आहे. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघायला २०१२ उजाडलं. अर्जाला पुरावा हवा: तिकीट नंबर, ईएसआयचं कार्ड, रजेचा कागद, काहीही. तीस वर्षं जुन्या लुगड्यांखाली घरोघरी शोधाशोध झाली. ज्यांच्या कागदांना वाळवी लागली, त्यांची हाडं गिरणीत झिजली होती हे सिद्ध कसं करायचं?

(प्रकल्पाचं फाटक. पाळी सुटते.)

आता कुठल्याही वीज प्रकल्पाच्या गेटवर पाळी सुटताना उभे राहा. पर्मनंट मोजके. बाकीची ठेकेदाराची माणसं: कोळशाच्या पट्ट्यावरची, राख उपसणारी, ओव्हरहॉलिंगपुरती महिनाभर बोलावलेली, कँटीनची. कायद्यानं कामगार कपातीची भरपाई आहे, सलग नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. पण दर दोन-तीन वर्षांनी ठेका बदलतो, माणूस तोच, काम तेच, गेटपास मात्र नवा. मग 'सलग' कुठून आणायचं? खरं सांगायचं तर युनियनची वहीही बहुतेक ठिकाणी पर्मनंटच्या नावांनीच भरलेली असते. ही खोट आपल्या घरातली आहे.

खाडीपलीकडे अंजनवेलला दाभोळचा प्रकल्प १९९९ मध्ये वीज देऊ लागला आणि दराच्या भांडणात २००१ मध्ये बंद पडला. तेव्हा हवामानबदलाचा काही संबंध नव्हता. घरी बसणाऱ्याला कारणानं फरक पडत नाही.

नवं काम निघेलच, पण कुठं? महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प धुळे जिल्ह्यात, साक्रीला झाला. जयगडचा फिटर आंब्याची चार कलमं आणि म्हातारी आई सोडून तिकडे जाणार का? गेला तर पुन्हा ठेकेदाराच्याच हाताखाली?

म्हणून कोकणातल्या युनियनांनी करार, निधी, प्रशिक्षण यांच्याआधी एक काम उरकावं. नावांची यादी. कोण कधीपासून कामावर आहे, कोणत्या ठेकेदाराकडे होता, पीएफचा नंबर काय. चिमणी धूर सोडतेय तोवरच.

(फेरी तवसाळला लागते. एक तरुण मोटारसायकल उतरवतो. गळ्यातला गेटपास खिशात सरकवतो. पासवर मोठ्या अक्षरांत नाव आहे, ठेकेदाराचं.)