डोळे येतात ते हातानं

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की आमच्या ओपीडीच्या बाकावर लाल डोळ्यांची रांग लागते. पहिला प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, डोळे आलेल्या माणसाकडे बघितलं, म्हणून झालं का हो?" नाही. नुसतं बघून डोळे येत नाहीत. ते येतात हातानं.

परवा एक आई मुलीला घेऊन आली. बोलता बोलता तिनं पदराच्या टोकानं लेकीचा डोळा टिपला, आणि जरा वेळानं त्याच टोकानं स्वतःचा चेहरा पुसला. मी पटकन थांबवलं, पण पदर तोवर डोळ्यांवरून फिरला होता. चूक तिची नाही, हात सवयीनंच जातो.

डोळ्यातून गळणाऱ्या पाण्यात आणि चिपडांत विषाणू असतात. डोळा चोळला की ते बोटावर येतात. तिथून दाराची कडी, मोबाइल, एसटीचा दांडा. पुढचा माणूस तिथं हात लावतो आणि तोच हात डोळ्याला नेतो. या विषाणूंमधला अडेनोव्हायरस तर कोरड्या वस्तूवरही कित्येक दिवस टिकतो. म्हणून न्हाणीघराच्या दारामागचा तो एकच टॉवेल मला सगळ्यात जास्त भीतीचा वाटतो. काजळाची एकच डबी, तीही तशीच.

माणसं दाटीनं राहतात तिथं साथ झपाट्यानं पसरते. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित पश्चिम बंगालात आले, तेव्हा तिथं डोळ्यांची एवढी मोठी साथ आली, की लोक तिला बांगलादेशच्या मुक्तिलढ्यातल्या घोषणेवरून 'जय बांगला' म्हणू लागले. आपल्याकडे जुलै २०२३ मध्ये आळंदीत मुलांचे डोळे आले आणि बघता बघता साथ राज्यभर गेली.

गॉगल घाला, उजेडाचा त्रास कमी होतो. पण गॉगलनं साथ अडत नाही. साबणानं हात धुतल्यानं अडते. टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा ठेवा. थेंबांची बाटली घरभर फिरवू नका, तिचं टोक पापणीला लागू देऊ नका. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नका; बुबुळाला इजा होऊ शकते.

विषाणूनं आलेले डोळे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. पण डोळा ठणकला, अंधुक दिसू लागलं, उजेड सहन होईना, किंवा तान्ह्या बाळाचे डोळे चिकटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे या.